राजानं दिलेला कोपरा

सांगलीत भाड्यानं खोली मागायला गेलं की घरमालक पहिला प्रश्न विचारायचा, "नोकरी कुठं?" मी म्हणायचो, "लिहितो." "कुठं लिहिता?" "घरीच." "ते झालं हो, पण पगार कोण देतं?" इथं माझी गाडी अडायची. सत्तरच्या दशकात आमच्या भागात पगार देणारी ठिकाणं ठरलेली होती. साखर कारखाना, बँक, शाळा, एस.टी., नाहीतर पलटण. मी यांतल्या कशातच नव्हतो. तमाशाच्या फडांना वग लिहून द्यायचे, जत्रेत नाटक करणाऱ्या गावांना त्यांच्या नटांच्या वकुबाप्रमाणं नाटक बेतून द्यायचं आणि रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोन पात्रांच्या तोंडून खताची माहिती वदवायची, अशावर आमचा संसार चालायचा. फडातली माणसं लिहिणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तर झालो होतो. एका घरमालकाला तसं सांगितलं, तर त्यानं शाळा कुठली म्हणून विचारलं.

शेवटी खोली मिळाली ती नदीकडच्या बाजूला. तिथं भाडं कमी, कारण भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. घरमालक दरवर्षी त्या रेघेवर चुना फासायचा आणि ती दरवर्षी पुन्हा वर यायची. बायकोनं रेघेच्या खाली काही ठेवायचंच नाही असं ठरवून टाकलं. डबे, अंथरुणं, माझे कागद, सगळं वर टांगलेलं. भिंतीत नवा खिळा मारायचा तर मालकाला विचारावं लागे, आणि मालक खाटेवरून उठून, चष्मा लावून, खिळा बघून मग नाही म्हणे.

माझी बायको म्हसवडच्या बाजूची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या बापाला वर्षातले कितीतरी महिने घर असं नसायचंच, जिथं मेंढरं बसतील तिथं तळ. त्यामुळं हिला घराचं कौतुक नसेल असा माझा समज. तो लग्नानंतर लवकरच उडाला. "मला मोठं घर नगं," ती म्हणायची, "पर खिळा मारताना कुणाला इचाराय लागू ने." तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. एवढं एकच मागितलं आणि नेमकं तेच माझ्या आवाक्यात नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि सांगलीच्या भोवती जागांना भलताच भाव आला. माणदेशातून पोट घेऊन आलेली माणसं परत गेली नाहीत. उसाचा पैसा खेळायला लागला, पलटणीतून सुटलेल्यांना शहराजवळ घर हवंसं झालं. काल ज्या शेतात ऊस होता तिथं आज फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असायच्या आणि त्याला प्लॉट म्हणायचे. मला या व्यवहारातलं काही म्हणजे काही कळत नसे. मीही मूळचा माणदेशातलाच, आणि आमच्या माणात मुरुमाची जमीन. तिच्यावर घर बांधलं तर पहाडासारखं उभं राहतं, पण ती कुणी फुकट घेत नाही. इथं काळी कसदार माती, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. तिच्यावर बांधलेल्या भिंतीला दोन पावसात तडा जातो, आणि तिच्यासाठी माणसं बायकोचे दागिने मोडत होती. मी हे एकदोघांना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अशात घरमालकानं मुलाचं लग्न काढलं आणि आम्हाला खोली सोडायला सांगितली. मुलगा अजून शिकत होता, मुलगी बघितली नव्हती, पण लग्न मात्र ठरलं होतं. नव्या भाडेकरूकडून त्याला जास्त भाडं मिळणार हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

त्याच सुमाराला एक निवृत्त सुभेदार माझ्याकडं आले. सांगलीपासून सायकलीनं जाता येईल अशा एका गावात त्यांचा मोठा ऊसमळा होता. उंच माणूस, मिशा पिळलेल्या, आवाज असा की आमच्या टांगलेल्या डब्यांची झाकणं वाजली. रस्त्याकडेची जमीन त्यांनी प्लॉट पाडायला काढली होती. "मास्तर, औंदा जत्रंला वग गावचाच करायचा," ते म्हणाले. "राजाचं काम मी करणार. आन् वगात जमिनीचा इषय पायजे. सांगलीची मानसं बोलवलीत. त्यास्नी वाटलं पायजे, जमीन घ्यावी तर हितं."

म्हणजे मला जाहिरातच लिहायची होती. मी लिहिली. सोंगाड्याला घर शोधत हिंडवलं आणि माझ्या घरमालकांचे सगळे प्रश्न त्यात घातले. खिळ्याचा प्रसंग घातला. शेवटी एक गरीब शाहीर राजाच्या दरबारात गातो, राजा खूश होऊन त्याला जमीन देतो, आणि शाहीर ती नाकारतो, असा शेवट केला. नाकारण्याचं वाक्य मी मुद्दाम झोकात लिहिलं होतं. अशा वाक्याला आमच्या भागात टाळी हमखास पडते. टाळी पडली की पुढच्या वर्षीचं काम मिळतं.

रात्री पाहुण्या फडाचा तमाशा झाला. आमचा वग दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी. सुभेदारांनी स्टेज देवळापुढं न बांधता मळ्यातच बांधलं होतं, म्हणजे समोर प्रेक्षक आणि बाजूला फक्कीच्या रेघा. राजाच्या जरीच्या अंगरख्यावर त्यांनी आपली पलटणीतली पदकं लावली होती. ती काढा म्हणून मी विनवलं. "ती खरी हायत," ते म्हणाले. मी पडद्याआड वही घेऊन बसलो. वाक्य विसरलं की मागून सांगायचं काम माझंच होतं. बायको बायकांच्या घोळक्यात, पुढंच बसली होती.

वग रंगला. खिळ्याच्या प्रसंगाला लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मग दरबार आला. शाहिराचं काम करणारा गवंडी गायला बरा होता. त्याचं गाणं झालं आणि राजानं म्हणायचं होतं, "शाहिरा, मागशील ती जमीन दिली." सुभेदार गप्प. मी मागून वाक्य सांगितलं. ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून ते एकदम पडद्याकडं वळले, मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि गरजले, "शाहीर ह्यो बी हाय! गड्यांनो, त्यो बघा, लिंबाजवळचा कोपरा. त्यो म्या ह्या लिवणाऱ्याला दिला!" आणि बोट केलं ते खरोखरच्या कोपऱ्याकडं, खरोखरच्या लिंबाकडं.

अशी टाळी मी आयुष्यात ऐकली नाही. फेटे उडाले. तेवढ्यात मैदानावर हलगी वाजली, कुस्त्या सुरू झाल्या म्हणून सगळा गाव उठला आणि वग तिथंच संपला. मी हातात वही घेऊन राजाशेजारी उभा. बायको समोर दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती.

आता हे खरं होतं की नाटक? परतताना मी तिला समजावायला लागलो की दरबारात राजा बोलला, म्हणजे ते नाटकातलं. "तुमी तसं लिव्हलं व्हतं का?" तिनं विचारलं. "लिंबाजवळचा कोपरा असं लिहिलं नव्हतं." "मंग? तुमी लिव्हलंच न्हाई ते नाटकातलं कसं?" त्यात पदकं खरी होती, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

सुभेदारांना विचारायला जायची माझी छाती होईना. दिला असेल तर विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका. दिला नसेल तर भीक मागायला गेल्यासारखं. मी कडेगावकडच्या एका फडासाठी वग लिहायला घेतला आणि त्यातल्या राजाला कुणालाच काही द्यायला लावेना. फडाचा मालक म्हणाला, "मास्तर, राजा लय चिकाट झालाय."

बायको मात्र स्वस्थ बसली नाही. कामं आटोपून ती एस.टी.नं त्या मळ्यात जायची. एकदा नारळ फोडून आली. एकदा शेवग्याची फांदी लावून आली. मग तिला पाणी घालायला जाणं आलंच. मी एकदा बरोबर गेलो, तर तिनं काटकीनं जमिनीवर खोल्या आखल्या होत्या. "हितं तुमी लिवायचं," ती म्हणाली. मी त्या आखलेल्या खोलीत उभा राहिलो आणि मला फार आनंद झाला. वेड्यासारखा झाला. भोवतीचे प्लॉट भराभर जात होते. एक कंडक्टर, एक कारखान्यातला कारकून, दोन फौजी, सगळ्यांचे पाये भरून झाले. दर महिन्याला भाव विचारावा तर वर गेलेला. माझ्या वगानं गिऱ्हाईक आणलं असं लोक तोंडावर म्हणायचे. लिंबाजवळचा कोपरा मात्र तसाच. सुभेदार तो कुणाला विकतही नव्हते आणि आम्हाला या म्हणतही नव्हते.

घरमालकाच्या मुलाला एव्हाना खरोखरच मुलगी सांगून आली. आता थांबणं शक्य नव्हतं. एका सकाळी आम्ही दोघं सुभेदारांच्या घरी गेलो.

त्यांनी सोप्यात बसवलं, चहा सांगितला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "मास्तर, तुमी का आलाय ते मला ठावं हाय. म्या तुमची वाटच बघत व्हतो. त्या दिवशी बोललो ते खरं का नाटकातलं, मला बी कळंना झालंय. बोलताना लय खरं वाटलं. घरी येऊन राजाची कापडं उतरली आन् वाटलं, नाटक व्हतं. पोरं म्हणत्यात, इका त्यो कोपरा. मला इकवंना आन् देववंना." बोलताना ते माझ्याकडं नाही, खाली बघत होते. मग मान वर करून म्हणाले, "वग अर्धाच ऱ्हायला बघा. राजाचं बोलून झालं, शाहिराचं ऱ्हायलं. तेवढं तुमी म्हणा. म्हंजी मला कळंल काय करायचं ते."

"काय हाय ते शाहिराचं?" बायकोनं मला विचारलं. तिला ते वाक्य माहीतच नव्हतं. तिथवर वग पोचलाच नव्हता.

मी 'आठवत नाही' म्हणू शकलो असतो. पण आयुष्यभर दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं पुरवलेला माणूस मी. कुणी थांबलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "राजा, मातीत माझं काय ठेवायचं? तुझ्या रयतेच्या ओठावर माझ्या चार ओळी राहू देत. तेच माझं घर."

आणि ते मी चांगलं म्हटलं. आवाज जिथं खाली यायला हवा तिथं आला. सुभेदारांचे डोळे भरले. "वा मास्तर," ते म्हणाले, "लय मोठं मन." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. तो माणूस भोळा होता की मुरलेला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. रडला तो खरा, एवढं मी सांगू शकतो. मीही रडत होतो, पण का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

बायको चहा तसाच ठेवून उठली.

एस.टी.च्या थांब्यावर आम्ही लिंबाखालीच उभे होतो, कोपरा समोर दिसत होता. शेवग्यानं पालवी चांगली धरली होती. मला वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं शांतपणे विचारलं, "त्या शाहिराला बायकू न्हवती व्हय?"

"नव्हती."

"का न्हवती?"

"गावानं एकच नटी ठरवली होती. ती राणी झाली. दुसरं बाईचं काम करायला कुणी नव्हतं."

"मला सांगायचं. म्या केलं असतं."

मला हसू आलं. म्हटलं, "आणि तू काय बोलली असतीस?"

तिनं कोपऱ्याकडं बघितलं. "तुमास्नी म्हणले असते, तुमी गप बसा," ती म्हणाली, "आन् राजाला म्हणले असते, कागद करा."