जानेफळच्या ओसरीवरचं दुसरं पोतं

लोणारला कसं जायचं, असं मला बरेच जण विचारतात, कारण मी कधीकाळी जाऊन आले हे मी सगळ्यांना ऐकवत असते. त्याच प्रवासातल्या जानेफळचं मात्र कुणाला सांगत नाही. आज सांगते. टाइप नात करते आहे, तिनं मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नगरला मिशनच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, दिवाळीची सुट्टी लागली होती आणि लोणारच्या सरोवरानं डोक्यात घर केलं होतं. प्रश्न होता राहायचा. तेव्हा मला सगुणाबाई आठवल्या.

त्यांची ओळख आदल्या वर्षीची, ख्रिस्ती स्त्रियांच्या मेळाव्यातली. तिथं माझं भाषण झालं होतं, विषय ‘देवाशी रोजची जवळीक’. छान झालं. बायकांनी डोळे पुसले. शेवटी दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. रोज दिवेलागणीला आपापल्या घरी बसायचं आणि एकीनं दुसरीसाठी प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला लोणारच्याच बाजूच्या जानेफळच्या सगुणाबाई आल्या. चाळिशीच्या, विधवा, लिहिता-वाचता न येणाऱ्या, गावात एकट्याच ख्रिस्ती. त्यांनी त्यांची विनंती सांगितली, मी मान डोलावली. माझी विचारली तेव्हा मी म्हणाले, “माझं देवाशी नातं घट्ट राहावं, एवढंच मागा.” केवढा थाट!

मी आठवडाभर बसले. मग तपासायला पेपर आले, मग पाहुणे आले, मग राहूनच गेलं. त्यांची विनंती काय होती तेही विसरले. वर्षानं आठवण झाली ती मुक्कामाच्या सोयीसाठी. येतेय म्हणून कार्ड टाकलं आणि निघाले.

पहिला दिवस नगर ते जालना, मध्ये औरंगाबादला गाडी बदलून. दुसऱ्या दिवशी पहाटे मेहकरची एस.टी. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना पांढरी कपाशी आणि वेचणीच्या बायका दिसू लागल्या. रस्ता असा की डब्यातल्या शंकरपाळ्यांचा मेहकरपर्यंत भुगा झाला. तिथं जानेफळची गाडी मिळाली. कंडक्टरनं तिकीट फाडत विचारलं, “जानेफळले कोनाकडं जाता बाई?” मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “दोन पोतेवाली? माह्या मावशीच्या आळीतलीच हाय थे.” मला काही कळलं नाही. धान्याचा व्यापार करत असतील, असं वाटलं.

उतरले तर सगुणाबाई समोर उभ्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “तुमची प्रार्थना पावली, बाई!”

कोणती, ते मला ठाऊक नव्हतं. मी हसले आणि म्हणाले, “देवाची कृपा.” खोटं बोलायला किती थोडे शब्द पुरतात!

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. तशी अंबाडी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. भाजी शेजारघरच्या कौतिकाबाईंनी आणली होती. या सगुणाबाईंच्या थोरल्या जाऊ. त्याच दारात टेकून बोलल्या, “हिनं नवऱ्यासंगं बाप्तिस्मा घेतला तवापासून म्या हिच्याशी बोलनं टाकलं होतं. मी बोलावं म्हून तुमीच देवाले मागून राह्यल्या होत्या ना?”

अच्छा, तर ही होती विनंती. “हो,” मी म्हणाले.

“हे सगुणा रोज सांजेले ओसरीवर दोन पोते अंथरे,” कौतिकाबाई सांगत होत्या. “एकावर हे बसे, एक रिकामंच. साऱ्या आळीले ठाऊक. एक दिस माह्यानं राहवलं नाई. म्हटलं, काऊन वं, दुसरं कोनासाठी? तं म्हने, नगरच्या बाईसाठी, थेही या टायमाले तिकडं बसते. तिथून बोलनं सुरू झालं पाहा.”

दिवेलागण झाली. सगुणाबाईंनी कंदील लावला, दोन पोती झटकून शेजारी-शेजारी अंथरली. दुसरं पोतं कोरं करकरीत होतं, वर्षभर कुणी टेकलंच नव्हतं. मी त्यावर बसले. आम्हा लोकांत प्रार्थना आपापल्या शब्दांत, मोठ्यानं करतात. सगुणाबाई चारच वाक्यं बोलल्या, त्यातली दोन माझ्यासाठी होती. “देवा, या बाईले तुह्यापाशी धर. सुटू देऊ नोको.”

मग माझी पाळी. डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आता कबूल कर, त्यालाही ऐकू जाईल आणि हिलाही. तोंड उघडलं तर मेळाव्यातलं भाषणच बाहेर पडलं. “हे प्रेमळ पित्या, आम्ही दोघी रोज या घटकेला तुझ्या चरणी येतो...” रोज! देवाला सांगत होते, ऐकवत होते सगुणाबाईंना. सगुणाबाईंनी मनापासून “आमेन” म्हटलं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी लोणारला गेले. तुम्हाला माहिती हवी म्हणून लिहिते. सकाळी लवकर पोचा, काठावरून खाली उतरायला वेळ लागतो आणि वर चढताना दम निघतो. पाणी हिरवट, खारं, भोवती गच्च झाडी आणि जुनी देवळं. वर एक पाण्याची धार आहे, बारा महिने चालू असते. मी त्या धारेपाशी बसले तेव्हा एक बाई कळशी भरता भरता म्हणाली, “तब्येत बरी नाई का, बाई?” तोंड धुवून परत फिरले. सरोवर मी बघितलं असं म्हणते खरी, पण माझ्या डोळ्यांपुढं कोरं पोतंच होतं.

जानेफळला पोचले तेव्हा कंदील लागला होता आणि दोन्ही पोती अंथरलेली होती. कौतिकाबाई ओसरीच्या कडेला वाती वळत बसल्या होत्या. त्या उठून जातील म्हणून थांबावं, असं वाटलं, पण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. मी पोत्यावर न बसता उभ्यानंच बोलले. “सगुणाबाई, मी बसत नव्हते. आठवडाभर बसले, मग सोडून दिलं. तुमची विनंतीसुद्धा मला आठवत नव्हती.”

कौतिकाबाईंचा हात थांबला. “म्हंजे वर्षभर हे रिकाम्या पोत्यासंगं बसे?”

सगुणाबाई कंदिलाशी वाकल्या. वात कमी केली, पुन्हा वाढवली. मग म्हणाल्या, “माह्याशी खोटं बोल्ल्या थे जाऊ द्या. काल त्याले काऊन खोटं सांगतलं?”

वर्षभर मी विसरले, तो आळशीपणा. काल मात्र मी देवाशी बोलताना त्याला भिंतीसारखं धरलं होतं, समोर कुणी नाहीच असं.

“आधी त्याच्याशी बोला,” त्या म्हणाल्या, आणि जावेला घेऊन आत गेल्या. मी बसले. एकही चांगलं वाक्य सुचलं नाही. “मी खोटं बोलले” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि रडले.

सकाळी गाडीपर्यंत सोडायला दोघी आल्या. मला वाटत होतं, सगुणाबाई ‘झालं गेलं विसरा’ म्हणतील. त्यांनी विचारलं, “मंग पोतं अंथरू का नोको?”

गाडी सुरू झाली होती. पटकन हो म्हणायची सवय होती, त्या दिवशी मात्र जीभ उचलेना. शेवटी म्हणाले, “अंथरा. ज्या दिवशी बसणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड टाकीन.”

“मले कुठं वाचता येते? पोस्टमन वाचते, साऱ्या आळीत ऐकू जाते.”

“जाऊ दे,” मी म्हणाले.

नगरला परतले आणि पहिलं कार्ड दहा दिवसांतच गेलं. ‘काल बसले नाही. डोकं दुखत होतं.’ दुसऱ्यात खरं लिहिलं, ‘काल बसले नाही. कंटाळा आला होता.’ लग्न झालं, मुलं झाली, कार्डं जात राहिली. भक्ती वगैरे म्हणू नका, पुष्कळदा मी केवळ त्या पोस्टमनच्या लाजेनं बसले. पण बसता बसता देवाशी खरं बोलायची थोडी सवय लागली. भाषणं द्यायचं मी बंद केलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी जानेफळहून एक कार्ड आलं, कौतिकाबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘सगुणा गेली. आता कार्ड टाकू नोका.’

तेव्हापासून सांगायला कुणी नाही, आणि खरं सांगते, तेव्हापासून चुकणं वाढलं. लोणारचा पत्ता विचारणाऱ्यांनो, जरूर जा, जाताना जानेफळलाही थांबा. कार्ड आता वाचणार कोण? म्हणून हे इथं लिहिते आहे, साऱ्या आळीत ऐकू जाईल असं.

काल बसले नाही. टीव्ही बघत होते.