बाटलीकाका आणि मधले चार दिवस

पाणी-तपासणी कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे बाटलीकाका म्हणत. नव्या शेजाऱ्यांचा त्या नावाने हमखास गैरसमज व्हायचा आणि बायकोला दारात उभं राहून खुलासा करावा लागायचा, "अहो, तसली बाटली नव्हे! समुद्राच्या पाण्याची!" काका होडीतून जात, दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडत, ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते टिपत आणि बाटली भरून प्रयोगशाळेत पोचवत.

मग उपग्रह आला. म्हणजे तो वरच राहिला, कार्यालयात आला भिंतीएवढा पडदा. दर पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला किनाऱ्याचा फोटो निघायचा. पडद्यावर घाण पाणी तांबडं, स्वच्छ पाणी निळं. साहेब हरखून गेले. होडीत फुलझाडांच्या कुंड्या ठेवून ती फाटकाशी मांडली आणि काकांकडे पडदा पुसायचं काम आलं.

दोन महिने पडदा निळाशार. समुद्र सुधारल्याचा अहवाल साहेबांनी वर धाडूनही दिला. काकांना मात्र चैन पडेना. घरी जाताना ते सवयीने काठाकाठाने जात, आणि कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या नाल्याशी पाणी कधी जांभळं, कधी शेंदरी दिसे. त्यांनी कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोटोच्या आधी दोन दिवस नाल्याची झडप बंद, फोटो निघाला की दुपारी जेवणं आटोपून उघडी! उपग्रहाचं वेळापत्रक कुणालाही वाचता येत होतं. कारखान्याने ते वाचलं होतं, कार्यालयाने नव्हतं.

"साहेब, फोटोच्या दिवशी समुद्र आंघोळ करून, भांग पाडून बसतो. मधल्या दिवसांत येऊन बघा एकदा."

"काका, उपग्रह सातशे किलोमीटरवरून बघतो. तुम्ही कुठून बघता?"

"काठावरून."

"मग जास्त कुणाला दिसणार?"

काकांनी पडदा पुसायचं फडकं उचललं.

त्यातच स्वच्छ किनाऱ्याचा समारंभ ठरला. मंत्रीमहोदय पाण्यात उतरणार, फोटो निघणार. तारीख ऐकताच काका कॅलेंडर घेऊन साहेबांकडे गेले.

"तीन दिवस पुढे ढकला, साहेब. मग उपग्रहाचा दिवस येतो."

"मंत्री काय उपग्रहाला विचारून येतात?"

मंत्री आले, शुभ्र विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले आणि निर्मळ सागरावर वीस मिनिटं बोलले. बाहेर आले तेव्हा पोटऱ्या वांग्यासारख्या जांभळ्या. मंत्र्यांनी पायांकडे पाहिलं, साहेबांनी आकाशाकडे. तिकडून काही मदत आली नाही. काका तेवढे पुढे धावले, खिशातली बाटली भरली, चिठ्ठीवर तारीख-वेळ घातली आणि अगदी निरागसपणे विचारलं, "पायांचाही नमुना घेऊ का?"

चौकशी झाली. घटनेच्या दिवशी उपग्रह हजर नव्हता, सबब दोष कुणाचाच नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र मधल्या चार दिवसांची जबाबदारी कुणावर तरी टाकणं भागच होतं. काकांना लेखी हुकूम आला, हुद्दा 'पूरक निरीक्षण व्यवस्था'. कुंड्या उतरल्या, होडी पाण्यात गेली. बायको म्हणाली, "व्यवस्था झालात खरे, पण डबा तोच नेणार ना?"

आठवड्याभरात कारखान्याचं पत्र आलं. पारदर्शकतेच्या दृष्टीने काकांचंही वेळापत्रक मिळावं, ही नम्र विनंती. साहेबांनाही ते रास्त वाटलं.

"उद्यापर्यंत लिहून द्या, काका."

काकांनी सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून वेळापत्रक लिहून दिलं आणि त्यातला एकही दिवस पाळला नाही. सव्वीस वर्षांत कार्यालयाच्या कागदावर त्यांनी पहिल्यांदाच खोटं लिहिलं होतं. मन खाईल असं त्यांना वाटलं होतं. पण वेळापत्रकात नसलेल्या पहिल्याच दुपारी होडीत, जांभळ्या पाण्याच्या आठ बाटल्या शेजारी मांडून, ते डब्यातला शेवटचा कणही पुसून जेवले.