गाडीची सावली
ओल्या लोकरीचा वास आला की मला पिशोरचं आमचं अंगण आठवतं. दर उन्हाळ्यात एक म्हातारा धनगर आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला यायचा आणि दुपारभर दारातल्या कडुलिंबाखाली घोंगडी टाकून पडायचा. आम्ही सगळे त्याला बाबा म्हणायचो. त्या वर्षी वडिलांनी पहिली चारचाकी घेतली आणि ती लावायला जागा हवी म्हणून कडुलिंब तोडला. बाबा आला तो उरलेल्या बुंध्यापाशीच थबकला. "झाड कुठं गेलं, माय?" त्यानं आईला विचारलं. "गाडीला जागाच नव्हती, बाबा," आई खाली बघत म्हणाली आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. अर्धा तांब्या तो प्यायला, अर्धा घोंगडीवर शिंपडला आणि ती गाडीच्या सावलीत अंथरली. "यंदा ऊन लई वाढलंय," एवढंच म्हणून तो कलंडला. जरा डोळा लागतोय तोच वडील चावी घेऊन बाहेर आले; त्यांना शहरात जायचं होतं. बाबा उठला, घोंगडी गोळा करून बाजूला उभा राहिला. गाडी गेली, तिच्यामागं सावलीही गेली. आज संभाजीनगरात माझ्या गाडीखाली एक कुत्रं धापा टाकत पडलंय, आणि मी मघापासून चावी हातात घेऊन उभा आहे.