पत्र्याचं दुसरं टोक

कडुबा लासूर स्टेशनजवळच्या गावातून शहरात आला, तेव्हा आधी कूलरचे डबे ठोकणाऱ्या एका दुकानात लागला. पुढं वाळूजच्या एका शेडमध्ये गेला. मोठ्या इमारतींत थंड हवा खेळवायला पत्र्याचे चौकोनी बोगदे लागतात, त्यांना डक्ट म्हणतात. ते तिथं तयार व्हायचे. तिथंच त्याला संघपाल भेटला. कडुबा आखायचा आणि कापायचा, संघपाल वाकवायचा, जोड दोघं मिळून ठोकायचे. कडुबा मुळात अबोल. दिवसभरात दोघांचं चहापुरतं बोलणं झालं तर झालं.

आठ फुटी पत्रा एकट्यानं उचलला की मधे झोल खातो आणि कडा हात कापते. म्हणून एकानं एक टोक उचललं की जवळ असेल त्यानं दुसरं धरायचं, असा त्या शेडचा रिवाज होता. सांगायचं नाही, विचारायचं नाही. जो धरायचा नाही, त्याला जेवायच्या सुट्टीत कोणी शेजारी बसवून घ्यायचं नाही.

मग मालकानं यंत्र आणलं. एका बाजूनं पत्र्याची गुंडाळी आत जायची, दुसरीकडून तयार डक्ट बाहेर. मालक वाईट नव्हता. दोघांना चहा पाजून म्हणाला, "दिवाळीपर्यंत दुसरीकडं बघा काही."

बाहेरदेशाची बातमी संघपालनंच आणली. ऑस्ट्रेलियात हातानं पत्र्याचं काम करणारे कमी पडतात म्हणे. पण आधी इथंच परीक्षा द्यायची, आणि वय पंचेचाळीसच्या आत पाहिजे. भरती करणाऱ्यांची परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. कडुबाला पुढच्या वर्षी पंचेचाळीस पुरी होत होती. म्हणजे त्याला एवढी एकच संधी.

"दादा, तिकडं तुझं नाव घेता घेता जीभ मोडंल गोऱ्यांची," संघपाल म्हणाला.

"अन तुझं लई सोपं हाय व्हय?" कडुबाची बायको संध्या चुलीपासून म्हणाली. "आधी भाकरी थापायला शिका दोघं. तिकडं मी नाय येणार मागं मागं." पण तिनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

परीक्षा शेंद्र्याला एका ट्रेनिंगच्या हॉलमध्ये झाली. तपासायला आलेला साहेब उतारवयाचा, हसतमुख होता. त्याचं बोलणं श्रेया नावाची मुलगी मराठीत सांगत होती. "तिकडं साईटवर माणूस एकटा काम करतो. म्हणून कोणी कोणाच्या कामाला हात लावायचा नाही. पत्रा न्यायला ढकलगाडी आहे. ज्याला दुसऱ्याची मदत मिळेल, त्याचं काम धरलं जाणार नाही." तिनं हे दोनदा सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

कडुबाचं काम छान चाललं होतं. चौकोनातून गोल होत जाणारा अवघड तुकडा त्यानं जमवला होता. साहेब त्यावरून बोट फिरवून गेला आणि मान डोलवून गेला. संघपालचं सगळं आधीच उरकलं होतं, तपासून झालं होतं, तो भिंतीशी उभा होता. कडुबाचा शेवटचा एक पत्रा कापणीच्या यंत्रापासून टेबलापर्यंत न्यायचा राहिला. ढकलगाडी दुसऱ्याकडं होती. थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. त्यानं पत्रा उचलला. मोठ्या पंख्याचा वारा लागून तो हलला. कडुबानं ओठ दाबून धरले, पकड बदलली आणि पत्रा सावरला.

तेवढ्यात पत्रा एकदम हलका झाला.

दुसऱ्या टोकाला संघपाल होता. काय झालं हे कळायच्या आत दोघं दोन-चार पावलं चाललेसुद्धा, रोजच्यासारखी. मग साहेबानं हात वर केला.

"काका, तुमचं काम चांगलं आहे असं सर म्हणतात," श्रेया खाली बघत म्हणाली. "पण नियम आहे."

"मॅडम, हात मी लावला. माझं नाव कापा की!" संघपाल म्हणाला.

"तुमचं तपासून झालंय आधीच."

संघपाल पास झाला, कडुबा नाही. येताना बसमध्ये जागा असूनही दोघं उभेच राहिले. त्यानंतर संघपाल शेडमध्ये आला नाही. कडुबाच्या मनात वाईट वाईट यायचं. याला कोणी बोलावलं होतं? मी सावरला होता की पत्रा. मग वाटायचं, त्याचा हलला असता तर आपणही धावलो असतो. पण एवढं कळूनही राग जात नव्हता.

आठवडाभरानं संघपालची बायको मोनिका दारात आली. "भाऊजी, ते जात नाय म्हणत्यात. कागद परत करतो म्हणत्यात. माझं ऐकंनात. तुमी तरी सांगा."

कडुबा मुकुंदवाडीला त्याच्या घरी गेला. संघपाल दाढी वाढवून बसला होता.

"दादा, तुझ्या तोंडातला घास काढला मी. मला नाय जायचं."

नुसतं 'जा' म्हणायला कडुबा आला होता. संघपालचा चेहरा बघून कळलं, तेवढ्यानं भागायचं नाही.

"येड्या," तो म्हणाला, "मीच 'धर' म्हणलो होतो."

"कधी?"

"पत्रा हलला तवा. निघून गेलं तोंडातून. म्हणून तू आलास. तुझी काय चूक त्यात?"

"मला तर नाय ऐकू आलं."

"हातोडीनं कान गेलेत तुझे. ऐकू आल्याबिगर धावला असतास व्हय?"

"म्हणला असशील," संघपाल हळूच म्हणाला. आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. यानं अजून थोडी हुज्जत घालायला हवी होती, असं कडुबाला वाटलं.

संघपाल गेला. यंत्रानं काम घेतल्यावर कडुबा पुन्हा कूलरच्या दुकानात डबे ठोकायला लागला. तिकडून संघपाल सगळ्यांना फोन करायचा आणि प्रत्येकाला हळहळून सांगायचा, "दादानं 'धर' म्हणलं अन मी धावलो. नायतर आज दोघं असतो इथं." त्यात मायेशिवाय काही नव्हतं. पण गोष्ट पसरली. शेडमधला कृष्णा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "कडुबाभाऊ, पत्र्याच्या जोडाला लॉक मारायचा, तसा जिभेला मारायचा व्हता की राव!" कडुबा हसला.

एक दिवस संध्यानं ताट वाढलं आणि समोर बसली.

"मोनिका म्हणत व्हती, तुमीच हाक मारली म्हणं त्याला."

कडुबानं भाकरी मोडली. हिला खरं सांगता आलं असतं. मग ही ते मोनिकाला सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि मोनिका फोनवर त्याला. तो तिकडं एकटा होता.

"व्हय," तो म्हणाला.

"एवढा नेम सांगितला व्हता त्यांनी. तरी तोंड गप ठेवता आलं नाय तुमाला?"

"नाय आलं."

तिचे डोळे भरून आले.

"लगीन झाल्यापासून घरात कधी धड बोलला नाय तुमी," ती म्हणाली. "अन बोलला, ते नेमकं तिथं."