समासातले मास्तर

गावोगावच्या संकलन केंद्रांत दुधाचं फॅट मोजणारी यंत्रं आमची कंपनी बनवते. त्यांच्या पोटातला प्रोग्राम माझ्याकडे आला, आणि कोडोलीचं यंत्र रोज सकाळी ऐन गर्दीत मध्येच अडकून बसायला लागलं. "शनवारपतोर जमलं न्हाय तर दुसरा माणूस बघतो," साहेब म्हणाले. नोकरीच्या भीतीनं मी व्हिडिओंचा फडशा पाडला. सगळे पहिल्या धड्याचे गुरू. यंत्राच्या पोटात शिरायची वेळ आली की गायब.

शेवटी रद्दीच्या दुकानात सिस्टिम्स प्रोग्रामिंगचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. "मास्तर वारलं, घरच्यांनी आणून दिलं," दुकानदार म्हणाला.

समासात पेन्सिलीनं, डावीकडे कललेल्या अक्षरात मराठी टिपणं होती. 'पावणं, घाई नको. आधी कागदावर करून बघा, मग चालवा.' मी नेमका चालवायला निघालो होतो. पुढच्या पानावर: 'चुकलं न्हवं? मागं या.' चुकलंच होतं. अंगावर काटा आला, पण इतकं नीट शिकवणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

नवव्या प्रकरणात टिपणं संपली. 'दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकून का बसत्यात, ह्ये मला उमगलं न्हाय. तुमास्नी उमगलं तर हितं लिवा. वाट बघतोय.'

माझं यंत्रही तिथंच अडकत होतं. शुक्रवारी कोडोलीच्या वाटेवर उसाचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले. कोणीच मागं सरेना. शिव्या ऐकत उभा होतो, आणि डोक्यात उजेड पडला. प्रोग्राममध्ये एका वेळी एकाच कामानं वापरायच्या भागाला कुलूप असतं. वजन घेणारं काम आणि फॅट मोजणारं काम, दोन्ही आपलं एकेक कुलूप धरून दुसऱ्याचं मागत होती. दोघांनी कुलपं एकाच क्रमानं घ्यायची, एवढंच.

शनिवारी यंत्र न थांबता चाललं. नोकरी वाचली. मास्तरांच्या टिपणाखाली मी बॉलपेननं सगळं समजावून लिहिलं, पुस्तक कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं.

महिन्याभरानं ते सहज काढलं. मी एकटा राहतो. घरात पेन्सिल नाही. माझ्या ओळींखाली, डावीकडे कललेल्या अक्षरात, लिहिलं होतं: 'उमगलं. जातो आता.'

भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

"येतो म्हणा की, मास्तर," मी रिकाम्या खोलीत म्हणालो.