होडीचा बांध

आमच्या घराण्यात होडीचीही वाटणी झालेली आहे.

शेत, घर, विहिरीचं पाणी, भांडीकुंडी हे तर सगळेच वाटून घेतात. आम्ही आईसुद्धा वाटून घेतली! सहा महिने अण्णाकडे इस्लामपूरला, सहा महिने माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो ऊस लावतो, मी कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करतो. वाटणीपासून आमच्यात एकच वाक्य बोललं जायचं, "आता पाळी तुझी."

राहिली होती ती होडी. आई मूळची कोकणातली, खाडीकाठची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा कृष्णेकडे बघत रडत बसायची म्हणे. म्हणून वडिलांनी तिच्या माहेरची जुनी शिडाची होडी ट्रकात घालून इकडे आणली. वडील गेल्यावर ती अण्णाच्या गोठ्यामागे उपडी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. (होडी मुळात आईची. वाटणीच्या वेळी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.)

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आईनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"मला तुमच्याकडून काही नको. ही होडी तेवढी नीट करा. लहानपणी मी तुमच्या आजोबांबरोबर हिच्यातनं किनाऱ्याकिनाऱ्यानं मावशीच्या गावाला जायची. एकदा मला तसं न्या. दोघांनी मिळून."

"दोघांनी?" आम्ही एकदम विचारलं.

"एकट्यानं न्यायचं असलं तर नको."

आईनं उभ्या आयुष्यात आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णानं घसा खाकरला.

"नीट करतो की. पर निम्मी. माज्या हिश्शाची."

"मग मीही माझी निम्मी करतो!"

"कर. पुढची माजी. थोरला हाय मी."

मला मागची आली. मी निमूटपणे घेतली. मागच्या भागात सुकाणू असतं हे मला ठाऊक होतं, अण्णाला नव्हतं. कळल्यावर तो तरातरा फोनवर आला.

"म्हंजे म्या पुढं बसायचं आन् तू वळवशील तिकडं जायाचं, व्हय रं?"

"पण डोलकाठी तुझ्याकडे आहे ना! आणि तुझं शीड वळलं की माझ्या हद्दीत येतंय, त्याचं काय?"

"मग तुज्याकडनं येणारं वारं थांबीव की!"

शेवटी टेप लावून होडीच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ मारली. मोजणीला सरकारी माणूस बोलवायचं अण्णाच्या मनात होतं, पण होडीला गट नंबर नसतो. मग कामाला लागलो. तो काम करील त्या दिवशी मी जायचं नाही, मी जाईन त्या दिवशी त्यानं गोठ्याबाहेर यायचं नाही. फळ्यांच्या फटींत सूत ठोकलं, वर डांबर ओतलं, रंग दिला. अण्णानं ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग लावला, मी आकाशी. रेघेजवळ मात्र दोघेही फार जपून होतो. अण्णा दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध हातभर कोरणारा माणूस, आणि मी बाल्कनीची जाळी शेजाऱ्याच्या हवेत काढलेली आहे. पण होडीच्या रेघेला आम्ही कुणी शिवलो नाही. तो रेघेच्या वीतभर अलीकडे थांबला, मी वीतभर पलीकडे. उगाच डांबराचा ओघळ तिकडे गेला असता तर त्यावरून कोर्टात गेलो असतो.

मे महिन्यात होडी टेम्पोवर चढवली आणि आईला घेऊन निघालो. पाटणला चहाला थांबलो तर टेम्पोभोवती माणसं गोळा झाली.

"आवं पावनं, धरणाचं दार उघडलं काय?" एका म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं. "आत्ताच होड्या निघाल्या? आमाला कुणी सांगितलं न्हाई!"

"पूर न्हाई वो. आमी समुद्रावर फिराय निघालोय."

"एकाच होडीतनं?" म्हाताऱ्यानं लाल भाग पाहिला, आकाशी भाग पाहिला आणि हळूच दोन पावलं मागं सरकला.

खाडीवर मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वाट बघत उभा होता. होडी पाण्यात ढकलली. आईनं कुठं बसायचं यावरून थोडं वाजलं. पुढं बसली तर ती अण्णाची, मागं बसली तर माझी. शेवटी तिला बरोबर रेघेवर बसवलं. बिचारी मांडीवर डबा घेऊन बसली.

खरं सांगतो, पहिला थोडा वेळ फार सुखाचा होता. शीड भरलं. खाडीचं तोंड ओलांडून किनारा डाव्या हाताला घेतला. आईच्या तोंडावर पाणी उडालं आणि ती खुदकन हसली. तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. "ती बघ, ती टेकडी! तिच्या पलीकडं मावशीचं गाव!" असं अण्णाला दाखवत होती, मग वळून मला दाखवत होती. अण्णा चक्क माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं.

मग आई म्हणाली, "पाय ओले झाले रे."

खाली बघतो तर दोघांनी सोडलेल्या त्या पट्ट्यातून, तिच्या बरोबर पायाखालून, समुद्र आत येत होता!

"अण्णा, तुझ्या बाजूनं पाणी येतंय!"

"माजी बाजू ठणठणीत हाय! तुजं डांबर कच्चं!"

"माझं डांबर रेघेपर्यंत आहेच कुठं?"

"माजं तरी कुटं हाय?"

आम्ही डबे घेऊन उपसायला लागलो. बराच वेळ उपसलं, पण पाणी हटेना. मग आईनंच सांगितलं, "अरे, भायेर टाका की." मी माझ्या बाजूचं पाणी उपसून अण्णाच्या बाजूला टाकत होतो आणि अण्णा त्याच्या बाजूचं माझ्या बाजूला. आई मधे बसून दोन्हीकडून भिजत होती. मावशीच्या गावाची टेकडी तिच्या समोर होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

मासे धरायला आलेल्या एका मोठ्या बोटीनं आम्हाला दोर टाकला.

"मालक कोण होडीचा?" वरून बोट चालवणारा तांडेल ओरडला.

अण्णानं माझ्याकडे बोट केलं. मी अण्णाकडे.

ओढत ओढत पुन्हा मामाच्या धक्क्यावर आलो. आईनं पदर पिळला. अण्णा म्हणाला, "चल आई, टेम्पोत बस."

"कुणाकडं जायचं?"

"आता अण्णाची पाळी," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"जूनपासनं तुजी हाय की रं!" अण्णाच्याही तोंडून सवयीनंच गेलं.

आईनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही या आता," एवढंच म्हणाली आणि मामाच्या घराकडे चालायला लागली. परतीच्या घाटात टेम्पो रिकामा खडखडत होता. मला रडू येत होतं, पण अण्णासमोर कोण रडणार!

मामानं होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत डांबरून घेतली आणि सगळीला एकच पांढरा रंग दिला. जून लागला तसा अण्णाचा फोन आला.

"ह्या खेपेला पाळी माजी हाय. आईला मी आणनार."

"माझी आहे! तूच म्हणालास धक्क्यावर!"

आईवरून आम्ही इतके भांडलो, इतके भांडलो, की बायकोनं दार लावून घेतलं. आईलाच विचारून टाकू म्हणून मी मामाला फोन लावला.

"ती नाय रे घरात. पोरगा खाडीत फिरवून आणतोय तिला, होडीतनं."

"बरं. आता पाय ओले होत नाहीत ना तिचे?"

"छे! मजेत असते. पार पुढं जाऊन बसते ती आता."

मी फोन ठेवला आणि जेवलो नाही. पुढं म्हणजे अण्णाच्या बाजूला!