नकाशातली पहिल्या वर्गाची माती

मातीवाल्या माणसाच्या घरात दाराशी माती साचते, तशा गोष्टीही साचतात. माती झाडता येते हो, गोष्टी नाही! आमचे हे माती सर्वेक्षणाच्या ऑफिसात आहेत. जुन्या सर्वेक्षणाचे नकाशे घ्यायचे, शेतात गिरमिट फिरवून माती किती खोल उरली ते बघायचं आणि जमिनीला वर्ग द्यायचा, हे काम.

माझ्या दादाला राळेगावकडच्या आमच्या माहेरच्या शेतात संत्र्याची बाग लावायची होती. ती होऊ दे, म्हणून श्रावण सोमवारी मातीचा महादेव करायचा नवस मी बोलले. पहिल्याच सोमवारी व्हरांड्यात एक कापडी पिशवी दिसली. आत काय सुरेख काळी माती! पूजा झाली, अभिषेक झाला. हे आले ते कपाळाला हात लावूनच उभे. सोबत यांच्या ऑफिसातले राऊतभाऊ होते, ते म्हणाले, "वहिनी, ते सॅम्पल होतं! आता लॅबले काय पाठवू? तीर्थ?"

*

झरीकडच्या एका शेतात नकाशा म्हणत होता, खोल काळी माती. गिरमिट वीतभर गेलं आणि मुरमावर खर्रकन अडलं. शेताचे मालक, एक आजोबा, खवळले. "नकाशा सरकारचा हाय, गिरमिट तुमचं हाय. मंग खोटं कोन?"

राऊतभाऊंनी गिरमिटालाच हात जोडले!

*

मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या एका बापाचा पुसदहून यांना फोन आला. "साहेब, पोरगा शिकेल हाय. त्याची जमीन कोन्त्या वर्गाची?"

"जुन्या नकाशात पहिल्या."

"अन् आता?"

"आता पोराकडेच बघा!"

आम्ही हसलो. पण जेवताना हे म्हणाले, "नकाशा खरा होता गं. तेव्हा होती माती." आणि ताटावरून उठले.

*

मग दादाच्या शेताची पाळी आली. जुन्या नकाशात तेही पहिल्या वर्गात. संत्र्याला खोल माती लागते, ती आहेच या भरवशावर दादाने कलमं सांगून ठेवली होती. यांनी गिरमिट लावलं. वीतभर गेलं, अडलं.

"भाऊजी, जरा बाजूले लावा."

बाजूला लावलं. अडलं.

"तिकडं, बाभळीजवळ?"

तिथंही तेच. दादा बांधावर बसला. वहिनीनेच विचारलं, "मंग आमची माती गेली कुटी?"

यांनी उताराखालच्या नाल्याकडे बोट दाखवलं. कलमं दुसऱ्याच्या शेतात गेली. माझा नवस काही फळला नाही.

उन्हाळ्यात माहेरी गेले, तर भर उन्हात वहिनी नाल्यातून वर येत होती. डोक्यावर टोपलं. मागे दादा, त्याच्याही डोक्यावर.

"वहिनी, हे काय आणता?"

वहिनीने काळ्या मातीचं टोपलं शेतात उपडं केलं, पदराने तोंड पुसलं. "माहेरी गेलती ना. घिऊन येऊन राह्यली तिले."

तुमच्याही शेताखाली नाला असेल. जाल तेव्हा एक टोपलं वर न्या ना!